‘कासव’ आणि न विचारलेले प्रश्न

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटास २०१६ सालचें सुवर्णकमळ मिळालें. त्याचें पुनरवलोकन करावेंसें वाटतें, तें त्याचा विषय कोंकणच्या किनाऱ्यावरचा दिसला तरी बोरिवली-मुलुंडच्या आपल्या घरांतलाच आहे म्हणून. मुलीच्या हातावरचे वण दिसले कीं आपण तिला बाही खालीं ओढावयास सांगतों, ‘हीं नाटकें पुरेत’ म्हणतों, आणि शेजाऱ्यांस कळूं देत नाहीं.

चित्रपटांतील जानकी असें करीत नाहीं. नैराश्यांतून स्वतः सावरत असलेली ही स्त्री जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या अनोळखी तरुणास घरीं आणते, पण जाब विचारीत नाहीं. अंडीं राखावीं, परंतु पिलानें समुद्राकडे आपल्याच पायांनीं जावें, हें रूपक दिग्दर्शकांनीं संयमानें हाताळलें आहे. इरावती हर्षे व आलोक राजवाडे यांचा अभिनयही त्यास साजेसा आहे.

आमचा आक्षेप इतकाच कीं, न विचारणें हें नेहमींच औषध नव्हे. डॉ. मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ; येथें मात्र ते कासवें राखणाऱ्या दत्ताभाऊंच्या भूमिकेंत आहेत, आणि डॉक्टरची खोली कथेच्या कडेला राहते. त्या खोलींतलें कामही करुणेचेंच असतें. आधीं जखम बांधावी. मग मरावयाचें होतें कीं असह्य भावनेपासून क्षणभर सुटावयाचें होतें, पूर्वीं असें घडलें होतें काय, साधनें हाताशीं आहेत काय, हें शांतपणें विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत रुजतो, ही समजूत खोटी आहे. हेतु मरण्याचा नसला तरी स्वतःस इजा करणाऱ्यास पुढें आत्महत्येचा धोका अधिक असतो. म्हणून कोणतीच जखम ‘नाटक’ म्हणून सोडतां येत नाहीं. अमेरिकेंतील मार्शा लिनेहन यांनीं भावनेचा आवेग सोसावयास शिकविणारी उपचारपद्धति घडविली. तारुण्यांत आपणही यांतून गेलों होतों, हें त्यांनीं २०११ सालीं उघड सांगितलें.

कायद्यासही हें उमगावयास वेळ लागला. आत्महत्येच्या प्रयत्नास शिक्षा सांगणारें कलम ३०९ मुंबई उच्च न्यायालयानें १९८६ सालीं अवैध ठरविलें. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं तें वैध ठरविलें. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें अशा माणसास तीव्र ताणाखालीं मानून उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली, आणि २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेंत तें कलम उरलें नाहीं.

आपल्या घरांतील भाषा मात्र अजून बदलावयाची आहे. धीरानें जवळ बसणें ‘कासव’ शिकवितो; विचारणें आणि उपचारास नेणें आपणांस शिकावें लागेल. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडास समुद्रकिनारा नसतो. पण टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक तेथूनही लावतां येतो.