खेळणाराचा हात

नाटकें पाहून तरुण बिघडतात आणि कादंबऱ्या वाचून स्त्रियांचें घरकामावरील लक्ष उडतें, असें आपल्याकडे एके काळीं मोठ्या गंभीरपणें सांगितलें जात असे. आज त्याच सुरांत व्हिडिओ खेळांविषयीं बोललें जातें. बोलणारांपैकीं बहुतेकांनीं एकही खेळ शेवटपर्यंत खेळलेला नसतो, ही गोष्ट आम्ही नुसती नमूद करून ठेवतों. दुसऱ्या बाजूला या खेळांचे भक्त आहेत, आणि त्यांच्याशीं तर आमचें अधिकच जमत नाहीं. अमुक खेळ अगदीं सिनेमासारखा आहे, हें त्यांचें सर्वांत मोठें प्रशस्तिपत्र! एखादें नाटक अगदीं कीर्तनासारखें आहे म्हणून त्याची स्तुति कोणी करील काय?

मराठींत 'खेळ' हा शब्द मोठा सोयीचा आहे. दशावतारांचा खेळ होतो, सिनेमाचा खेळ सुटतो आणि आट्यापाट्यांचाही खेळच. पहिल्या दोहोंत आपण पाहतों. तिसऱ्यांत आपण स्वतः धांवतों. व्हिडिओ खेळांत हे दोन्ही अर्थ एका पडद्यावर आले आहेत. तेव्हां परीक्षकानें पहावयाचें तें हें, कीं या दोहोंचा सांधा जुळला आहे काय? गोष्ट एक सांगितली जाते आणि खेळणाराचा हात भलतेंच कांहीं करीत बसतो, असें होत असेल, तर गोष्ट कितीही उत्तम असली तरी ती उसनी समजावी. या कसोटीला आम्ही २०१३ सालचे तीन खेळ लावून पाहिले आहेत. तिन्ही त्या वर्षाच्या जून ते सप्टेंबर या महिन्यांत बाहेर पडले. चौथा आपल्या पुण्याचा आहे, त्याविषयीं शेवटीं.

'द लास्ट ऑफ अस' हा कॅलिफोर्नियांतील नॉटी डॉग या संस्थेचा खेळ. बुरशीपासून होणाऱ्या रोगानें अमेरिका उद्ध्वस्त झाली आहे. वीस वर्षांपूर्वीं आपली मुलगी गमावलेला जोएल, ज्या रोगाची तिला बाधा होत नाहीं अशा एली नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन देश ओलांडून जातो. भक्तमंडळी जी वाखाणणी करितात ती या कथेची, आणि कथा चांगली आहेच. परंतु आम्हांस त्यांतील श्रेष्ठ प्रसंग एका शिडीचा वाटतो. प्रवासांत उंच भिंत आडवी आली कीं जोएल ओंजळीची पायरी करून उभा राहतो, आपण कळ दाबतों, एली वर चढते आणि शिडी खालीं सोडते. हा प्रकार इतक्या वेळां होतो कीं त्याचा कंटाळा येऊं लागतो. पुढें हिवाळ्यांत त्या पोरीवर जें गुदरावयाचें तें गुदरतें. मग वसंत ऋतूंत सॉल्ट लेक सिटींत पुन्हां तशीच भिंत येते. जोएल तिच्यापाशीं जातो, आणि एली येतच नाहीं. ती मागें कोठेंतरी आपल्याच विचारांत बसून राहिलेली असते. एकही शब्द न बोलतां, केवळ एक संवयीची कृति अडल्यामुळें, त्या मुलीचें काय झालें आहे तें आपल्या बोटांना आधीं कळतें. हें नाटकाला साधणार नाहीं आणि सिनेमालाही नाहीं. कंटाळाच येथें भांडवल झाला आहे.

रुग्णालयांतील अखेरच्या प्रसंगीं शस्त्रवैद्य सुरी घेऊन उभा असतो, आणि आपण पुढें सरकल्याखेरीज खेळ पुढें सरकत नाहीं. त्या कृत्याला नकार देण्याची सोय ठेविलेली नाहीं. आम्हांस ती सक्ति योग्यच वाटते. जोएल तसाच आहे. आमचा आक्षेप दुसरा आहे. तेथवर पोंचेपर्यंत आपण एकासारखीं एक इतकीं माणसें मारलेलीं असतात कीं हाताला बधिरपणा आलेला असतो. ज्या एका मरणानें हात थरथरावयाचा, तें त्या राशींत जाऊन पडतें.

'पेपर्स, प्लीज' हा ल्यूकस पोप यानें जवळजवळ एकट्यानें रचलेला खेळ दिसावयास अगदीं ओबडधोबड आहे. १९८२ सालचा नोव्हेंबर, आर्स्टोट्झ्का हें कल्पित राष्ट्र, ग्रेस्टिनची सरहद्द, आणि चौकींत बसलेले आपण. येणाराचें पारपत्र तपासावें, शिक्का मारावा, पुढच्यास हांक द्यावी, एवढाच उद्योग. नियम रोज वाढतात, मेज वाढत नाहीं, कागदावर कागद चढतो. संध्याकाळीं घरभाडें, अन्न, जळण आणि औषध यांचा हिशेब पुढें येतो, व दर माणसामागें मिळालेले पांच-पांच क्रेडिट त्यांत पुरत नाहींत. एके दिवशीं एक गृहस्थ येतो. त्याचे कागद चोख. जातां जातां तो सांगतो, मागून माझी पत्नी येत आहे, तिच्याशीं ममतेनें वागा. पत्नीजवळ प्रवेशाचा परवाना नाहीं.

आतां मौज अशी कीं दिवसाच्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद आहे, दंड तिसरीपासून. त्यामुळें आपल्या मनांत प्रथम जो विचार येतो तो त्या बाईचा नसतो. आज आपल्या माफ चुका किती उरल्या, हा असतो. दया ही शिल्लक पाहून खर्चावयाची वस्तु होऊन बसते. मामलेदार कचेरींत दाखल्यासाठीं उभ्या राहिलेल्या वाचकास खिडकीची अलीकडची बाजू ठाऊक आहेच. पलीकडे बसलेला मनुष्य वर कां पाहत नाहीं, तें आम्हांस या खेळानें जितकें पटविलें तितकें कोणत्याही कादंबरीनें पटविलें नव्हतें. तिघांत याला आम्ही निःसंकोच पहिला मान देतों.

तिसऱ्याविषयीं फार लिहिण्याची इच्छा नाहीं. एडिंबरोच्या रॉकस्टार नॉर्थ या संस्थेनें रचलेल्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो पांच' या खेळानें पहिल्या तीन दिवसांत शंभर कोटी डॉलर मिळविले. लॉस एंजेलिसच्या धर्तीवर उभारलेल्या त्या नगरींत दिवेलागणीच्या वेळीं मोटार हांकण्यांत जें सुख आहे तें खोटें नाहीं. परंतु त्यांत एका बांधलेल्या माणसाचा छळ खेळणाराकडून करविला आहे. हत्यार आपण निवडावयाचें, दात आपणच उपटावयाचा. त्याचें हृदय थांबलेंच तर सुई टोंचून त्याला पुन्हां शुद्धीवर आणण्याची व्यवस्थाही आहे! मग तोच छळणारा त्याला विमानतळावर पोंचवितांना, छळानें सत्य बाहेर पडत नाहीं, असें व्याख्यान देतो. हा उपरोध आहे, असें सांगतात. उपरोध जिभेवर आहे. हातानें मात्र पक्कड निवडण्याची गंमतच अनुभविली. सांधा येथें निखळला आहे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेनें २०२० सालीं 'राजी' हा खेळ प्रसिद्ध केला. राखीपौर्णिमेच्या दिवशीं असुर गोलूला पळवून नेतात, आणि कसरतीचे खेळ करणारी त्याची बहीण राजी त्याच्या शोधार्थ निघते. राखी बांधून घेणारानें रक्षण करावयाचें, ही रीत येथें उलटी केली आहे, आणि ती शोभते. मध्यें मध्यें कथानक छायाबाहुल्यांच्या रूपानें दाखविलें आहे. पिंगुळीचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यानें पाहिला असेल त्यास तें विशेष आवडेल. वास्तुरचना राजस्थानी, आणि डोळ्यांना तृप्त करणारी. पण दुर्गा आणि विष्णु वरून अखंड बोलत राहतात. जें मुलीनें करून दाखवावयाचें तें ते आधींच सांगून टाकतात. झुंजीही बऱ्याचशा इतर शेंकडों खेळांतल्यासारख्याच.

मात्र भिंतीवर धांवत जाऊन, खांबाला गिरकी घेऊन ती जेव्हां शत्रूवर झेंप घेते, तेव्हां तिचा धंदा आणि तिचें युद्ध एक होतात. जत्रेंत जी उडी पोटासाठीं मारली जाते, तीच येथें भावासाठीं आहे, आणि ती मारणारा हात आपला आहे. कर्त्यांनीं हाच धागा धरला असता तर देवांना इतकें बोलावें लागलें नसतें. शेवट तर मध्येंच तोडल्यासारखा झाला आहे. खेळ पुण्याचा असला तरी त्याचें समर्थन आमच्यानें होत नाहीं.