दक्षिणेचे भाषांतर

बंगळुरूत अर्थसंकल्पाचे दिवस आले की मठांना किती, चर्चना किती, वक्फला किती, असा वाद सुरू होतो आणि कुणीतरी राज्यघटनेचे कलम 27 काढतेच: खास एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी राखून ठेवलेला कर भरण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. मला अशा वेळी जोतीराव फुल्यांचे ‘तृतीय रत्न’ आठवते. 1855 सालचे हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. कमिटीचा पैसा कुठला, हे सहसा सांगितले जात नाही.

पेशवे श्रावणात पुण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. 1818 नंतर कंपनी सरकारने ती चालू ठेवली, पण आटवत नेली; 1821 साली विश्रामबाग वाड्यात निघालेली संस्कृत पाठशाळा त्याच पैशातली. 1849 मध्ये लोकहितवादी आणि इतर सुधारकांनी मागणी केली की यातला काही भाग मराठी ग्रंथांना द्यावा. फुले त्यांच्या पाठीशी होते. 1851 मध्ये कमिटी आली आणि भाषांतरांनाही बक्षिसे मिळू लागली. आम्हा भाषांतरकारांच्या मानधनाचे एक मूळ असे धर्मादायात आहे. धार्मिक खर्च सेक्युलर झाला, असे म्हणून आपण सुटतो.

नाटक सुटू देत नाही. गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून जोशी अनुष्ठान, ब्राह्मणभोजन, दक्षिणा असा खर्च वाढवत नेतो, तेव्हा संवाद वाण्याच्या यादीसारखा होतो, आणि तिथेच तो सर्वांत जिवंत आहे. पाद्री आल्यावर सगळे प्रश्नोत्तरीत अडकते. विदूषक मध्ये तोंड घालतो म्हणून निभावते. समीक्षक याला पुरोहितशाहीविरुद्धचे नाटक म्हणतात. ते आहेच, पण ते अर्धे वाचन झाले. सरकारला सारा भरणारा कुणबी आणि जोशाला दक्षिणा देणारा कुणबी एकच. त्याच्या साऱ्यातून बक्षिसे वाटणाऱ्या कमिटीपुढे फुल्यांनी त्याच्याच घरातली वसुली मांडली. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांपुढे युरोपियनांचे काही चालले नाही, असे त्यांनी ‘गुलामगिरी’त (1873) नोंदवले आहे. पैशाचे कारण बदलले होते. परीक्षक फारसे बदलले नव्हते. नाटक छापून यायला 1979 उजाडले.

हाच प्रश्न त्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे उच्च शिक्षणाबद्दल विचारला: महसूल रयतेच्या कष्टाचा, आणि खर्च कोणावर? तिथे देवधर्म कुठेच नव्हता.

‘दक्षिणा’ इंग्रजीत नेताना मी नेहमी अडते. ‘फी’ म्हटले की श्रद्धा जाते, ‘ऑफरिंग’ म्हटले की वसुली जाते. शेवटी शब्द तसाच ठेवते. मागच्या वर्षी एका सरकारी संस्थेने मला भाषांतराचे मानधन दिले. पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवून मी सही केली. निवड समितीवर कोण होते, हे विचारायचे मला सुचलेही नाही.