धोप्याचं फूल

गेल्या हिवाळ्यात चुलतबहिणीच्या लग्नात, अमरावतीतल्या एका लॉनवर, स्टेजच्या मागं शंभरेक पांढरी कॅला लिली लावली होती. प्लास्टिकचीच. पत्रिकेवरही तीच, सोनेरी रेषेत. मोठी आई पुढच्या खुर्चीवरून बराच वेळ पाहत होती. मग मला म्हणाली, "हे तं धोप्याचं फूल दिसून राह्यलं रे बापू. इथं कायले लावलं?"

आम्ही पोरं हसलो. हसायला नको होतं. पुण्या-मुंबईकडं ज्याला अळू म्हणतात तो आमच्या वऱ्हाडात धोपा, आणि कॅला लिली खरोखरच धोप्याच्या कुळातली आहे. लिलीशी तिचं काही नातं नाही. शास्त्रीय नाव झांटेडेशिया एथिओपिका, पण मूळ गाव इथिओपिया नसून दक्षिण आफ्रिका. ज्याला आपण पांढरी पाकळी समजतो ते एक बदललेलं पान असतं. खरी फुलं मधल्या पिवळ्या दांड्यावर, डोळ्यांत न भरण्याइतकी बारीक. अंगात तेच सुईसारखे स्फटिक, ज्यांच्यामुळं धोपा घशात खाजतो आणि आपण भाजीत चिंच टाकतो. दक्षिण आफ्रिकेत ती पाणथळ जागी, रस्त्याकडेच्या नाल्यांत उगवते. तिथल्या आफ्रिकान्स भाषेत तिला 'डुकराचा कान' म्हणतात. आपला धोपाही न्हाणीच्या सांडपाण्यावरच माजतो.

मग हे फूल स्टेजवर पोचलं कसं? नेटवर शोधलं की तयार तक्ते मिळतात: कॅला लिली म्हणजे पावित्र्य, पुनर्जन्म, वैभव. लग्नालाही चालते, मयतीलाही. आमच्या धंद्यात अशा तक्त्याला लुकअप टेबल म्हणतात. एक किंमत टाकायची, दुसरी बाहेर येते, मधे विचार नसतो. पण प्रतीकाचं काम असं चालत नाही. आयर्लंडमध्ये हेच फूल 1916 च्या ईस्टरच्या उठावाची खूण झालं. 1926 पासून लोक त्याचा कागदी बिल्ला छातीवर लावू लागले, आणि तिथं त्याचा अर्थ पावित्र्यापेक्षा 'आमची माणसं मेली' असा जास्त होता. अमेरिकेत जॉर्जिया ओकीफनं 1920 च्या दशकात ही फुलं कॅनव्हासभर रंगवली, तर समीक्षकांना त्यांत बाईचं शरीर दिसलं. ती आयुष्यभर नाही म्हणत राहिली. 1929 मध्ये कोवारूबियासनं 'न्यूयॉर्कर'मध्ये तिचं व्यंगचित्र काढलं ते हातात कॅला लिली देऊनच. म्हणजे अर्थ चित्रकर्तीचा नव्हता, बघणाऱ्यांचा होता.

मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मेक्सिकोचा दिएगो रिवेरा. 1941 च्या त्याच्या चित्रात दोन वेण्या घातलेली एक मुलगी आपल्याकडं पाठ करून गुडघ्यांवर बसली आहे आणि तिच्या दोन हातांत न मावणारा कॅला लिलींचा ढीग तिनं कवेत घेतला आहे. या चित्राच्या छापील प्रती शहरातल्या कॅफेंमध्ये 'सुंदर' म्हणून टांगलेल्या असतात. पण जरा वेळ उभं राहून पाहिलं की फुलांच्या आधी वजन दिसतं. हे फूल कोणीतरी तोडलंय, बांधलंय, बाजारात आणलंय, आणि त्या माणसाचा चेहरा आपल्याला दिसत नाही. अर्थ फुलात नाही, त्या वाकलेल्या पाठीत आहे. दिवाळीनंतर अकोट तालुक्यात संध्याकाळी वावरातून परतणाऱ्या, कापसाची गाठोडी घेतलेल्या बाया ज्यानं पाहिल्या आहेत त्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही.

तरी रिवेराबद्दल माझी एक तक्रार आहे. त्याची फुलं फार निरोगी आहेत. एकही किडकं नाही. माणूस दबलेला आणि फूल मात्र निष्कलंक, ही विभागणी मला जरा सोपी वाटते.

आमच्या भागात एक फूल आहे ज्याला ही सोय नाही. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी दुधाळ पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मग गळतं. मराठी कवितेत मोगरा आहे, जाई आहे, प्राजक्त आहे. अमरावतीचे सुरेश भट आणि अकोल्याचे विठ्ठल वाघ यांच्यामुळं वऱ्हाडाला कवितेचं दारिद्र्य नाही. पण माझ्या वाचनात कापूस येतो तो बहुतेक बोंड फुटल्यावर, पांढरा झाल्यावर, म्हणजे विकण्याजोगा झाल्यावर. फुलाकडं कवीचं लक्ष क्वचित जातं. शेतकऱ्याचं जातं, पण वेगळ्या कारणानं. गुलाबी बोंडअळी फुलात शिरली की आतून रेशमासारख्या धाग्यानं पाकळ्या बांधून टाकते. फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. त्याला डोमकळी म्हणतात. कृषी विद्यापीठाचा सल्ला एका ओळीचा असतो: डोमकळ्या तोडा, नष्ट करा.

2017 च्या हंगामात, बीटी बियाणं असूनही, विदर्भात ही अळी सुटली तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. सुट्टीत गावी आलो तर मोठी आई सकाळी तासातासानं फिरून डोमकळ्या खुडत होती, ओच्यात गोळा करत होती आणि बांधावर आणून जाळत होती. मी म्हणालो होतो, "किती छान दिसून राह्यल्या ह्या, गुलाबासारख्या." तिनं एक कळी अंगठ्यानं फोडून माझ्यापुढं धरली. आत अळी. त्या वर्षी बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या बोंडांतही पिवळी पडलेली सरकी आणि डागी रुई निघाली. घरात त्यावर कोणी फार बोललं नाही.

सुंदर दिसणारं फूल उघडून पाहायला शिकवणारी ही प्रतिमा कुठल्याही तक्त्यात नाही. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधल्या कौतिकला वाचताना मात्र मला ती आठवते. शेळके कष्टाला शोभा येऊ देत नाहीत. कौतिक थोर आहे असं ते कुठंही सांगत नाहीत. ती उठते, कामाला जाते, भागत नाही, पुन्हा जाते. कादंबरी 1960 ची आहे. रिवेराच्या चित्रात पाठमोरी राहिलेली बाई इथं तोंड वळवते आणि वऱ्हाडीत बोलते, हा मला मोठा फरक वाटतो.

लग्नात जेवणं उरकल्यावर डेकोरेटरची पोरं लिली उपसून पोत्यात भरत होती, दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न होतं. मोठी आईनं त्यांच्याकडून एक मागून घेतली. खुर्चीत बसून तिनं त्या प्लास्टिकच्या पानात बोट घातलं, आत पाहिलं, आणि परत पोत्यात टाकली.