पाण्याकाठची तीन पुस्तकं

साकोलीच्या बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की आधी प्रकृतीची, मग धानाची चौकशी होते आणि त्यानंतर हमखास प्रश्न येतो, "सध्या का वाचून राहिले जी?" यंदा माझं उत्तर ठरलेलं आहे : आपलंच रान वाचतो आहे. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा', मारुती चितमपल्लींचं 'नवेगावबांधचे दिवस' आणि किरण पुरंदरे यांचं 'सखा नागझिरा' ही तीन पुस्तकं मी लागोपाठ पुन्हा वाचली. निमित्त दुःखाचं होतं. 18 जून 2025 रोजी चितमपल्ली सोलापुरात गेले. पद्मश्री त्यांना त्याच वर्षी मिळाली होती. बातमी वाचली, कपाटातून 'नवेगावबांधचे दिवस' काढलं आणि त्याच्या मागोमाग उरलेली दोन्ही बाहेर आली.

तिन्ही पुस्तकांचा मुलूख आमचा आहे. नागझिऱ्याचं जंगल 1970 साली अभयारण्य झालं, नवेगावबांध 1975 साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि 2013 च्या डिसेंबरात दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. 1999 साली गोंदिया जिल्हा वेगळा निघाला आणि या रानाचा मोठा भाग तिकडे गेला; पण पिटेझरीच्या वाटेनं आत शिरणाऱ्या साकोलीकराला ती रेघ कधी जाणवली नाही. लेखक मात्र तिघेही लांबचे. माडगूळकर माणदेशातले, चितमपल्ली सोलापूरचे, पुरंदरे पुण्याचे. यातले पहिले दोघे तर अवर्षणाच्या मुलखात वाढलेले. म्हणूनच मला वाटतं, त्यांना इथलं पाणी आमच्याआधी दिसलं. आमच्या गावागावाला तलाव, शेताशेताला बोडी, म्हणजे लहानसं तळं. पाण्याकडे थांबून पाहावं असं आम्हाला कधी वाटलंच नाही. ज्यानं लहानपणी कोरडे ओढे पाहिले, तो झऱ्याशी आला की आपसूक बसतो. ही पुस्तकं त्या बसण्यातून आली आहेत.

'नागझिरा' हे यातलं सर्वांत सडपातळ पुस्तक. माडगूळकर चित्रकारही होते, आणि त्यांचं गद्य चित्रकाराच्या हातातल्या पेन्सिलीसारखं चालतं. लहान वाक्य, एकच क्रियापद, विशेषणाला जवळजवळ रजा. चितळांचा कळप पाण्यावर येतो, तेव्हा तो सुंदर आहे असं ते सांगत बसत नाहीत. आधी कान, मग मान, मग पुढचा पाय अशा क्रमानं जनावर पानावर उभं राहतं. एकेकाळी बंदूक घेऊन हिंडलेला हा माणूस. शिकाऱ्याचा संयम त्यांच्या लेखणीत पुरता उतरला आहे, फक्त शेवटी गोळी सुटत नाही. वाचताना श्वास रोखला जातो आणि जनावर पाणी पिऊन निघून जातं, यातच सगळा आनंद. 1955 च्या 'बनगरवाडी'त त्यांनी माणसांचं गाव जसं अलिप्तपणे आणि मायेनं पाहिलं, तसंच इथं रान पाहिलं आहे. उणीव सांगायची तर इथली माणसं या पुस्तकात कडेकडेला राहतात. पाहुण्याच्या मुक्कामाला ती मर्यादा असायचीच. हे पुस्तक आवडलं तर पुढे 'सत्तांतर' घ्या; वानरांच्या टोळीवरच्या त्या लहानशा कादंबरीला 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. टिपणं काढणारी नजर कथेत कशी उतरते, ते दोन्ही जवळ ठेवून वाचलं की नीट कळतं.

चितमपल्ली पाहुणे नव्हते. ते वनाधिकारी म्हणून इथं नांदले, आणि 'नवेगावबांधचे दिवस' हे नांदलेल्या माणसाचं पुस्तक आहे. नवेगावबांधच्या तळ्याचा पसारा सुमारे 11 चौरस किलोमीटर, भोवती डोंगरांचं कडं. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला असं परंपरा सांगते. कोलू पाटीलच पुढे लोकांचे कोलासूर देव झाले. तलाव बांधणाऱ्याला देवपण देणारी ही माणसं चितमपल्लींनी आपले गुरू मानली. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार, जाळी टाकणारे ढिवर, रानात वाढलेले गोंड यांच्याकडून ते मासे, पक्षी, झाडं आणि त्यांची नावं शिकले. या पुस्तकाचा रस मला त्या नावांत सापडतो. एकेका माशाचं, एकेका पाणपक्ष्याचं नाव ते असं उच्चारतात की नाव हीच त्या जिवाची पहिली ओळख वाटावी. जिथं मराठीत शब्द नव्हता, तिथं त्यांनी घडवला : बगळ्यांच्या सामूहिक वसतीला सारंगागार, कावळ्यांच्या वसतीला काकागार. पुढे पक्षिकोश रचणाऱ्या माणसाचं बीज या तळ्याकाठी दिसतं.

त्यांचं गद्य माडगूळकरांच्या अगदी उलट. ते वळणं घेतं, आठवणीत शिरतं, संस्कृत ग्रंथांकडे जातं, पुन्हा पाण्यावर येतं. लोकसमजूत आणि प्रत्यक्ष निरीक्षण त्यांच्याकडे एकाच ओघात येतात. काही जाणत्या वाचकांना ते खटकतं, आणि त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. मी इतकंच करतो : त्यांनी पाहिलेलं एका समासात नोंदवतो, ऐकलेलं दुसऱ्या. दोन्ही समास भरत जातात. माणसं रानाबद्दल काय समजत आली, हीही रानाचीच माहिती आहे.

'सखा नागझिरा' हे कानाचं पुस्तक. पुरंदरे पक्ष्यांच्या आवाजांचे जाणकार, ते हुबेहूब काढूनही दाखवणारे. नागझिऱ्यात ते 400 दिवस राहिले. या आकड्याचं मोल मला या खेपेला उमगलं. वर्षाचे 365 गेल्यावर वरचे 35 दिवस उरतात, आणि त्या दिवसांत गेल्या वर्षीचा ऋतू पुन्हा भेटायला येतो. पहिल्या भेटीत फक्त ओळख होते. सख्य जमतं ते दुसऱ्या भेटीत. शीर्षकातला 'सखा' त्यामुळे कमावलेला वाटतो. शिवाय पावसाळ्यात पर्यटकांना फाटक बंद असतं. नवरंग पक्षी शीळ घालत येतो त्या दिवसांतलं रान आम्ही जवळ राहूनही आतून पाहिलेलं नाही. ते या पानांत भिजायला मिळतं. पक्ष्यांची ओळख नसलेल्याला नोंदींचा भार वाटेल. त्यानं घाई करू नये. रोज सकाळी दोन-चार पानं, आणि पुस्तक मिटून खिडकीबाहेर थोडं ऐकणं. पुढे पुरंदरे पिटेझरीलाच राहायला आले. पुस्तक लिहून झाल्यावरही लेखकाला त्या जागेची ओढ राहिली, याहून मोठी शिफारस मी कुठून आणू?

म्हणून विचारणाऱ्याला मी असं सांगतो. माडगूळकर एका बैठकीत वाचा, नजर स्वच्छ होते. चितमपल्ली महिनाभर वाचा, हाताशी पेन्सिल ठेवून. पुरंदरे वर्षभर वाचा, जो महिना चालू असेल त्याचं पान काढून. आणि तिघांच्या शेजारी आमच्या साकोलीचे हरिश्चंद्र बोरकर यांचा 'झाडीबोली मराठी शब्दकोश' ठेवा. कारण या तिन्ही पुस्तकांतल्या वाटाड्यांची, ढिवरांची, गुराख्यांची बोली ती आहे. तीत डोळ्याला 'डोरा' म्हणतात. रान ज्यांनी दाखवलं त्यांचे डोरे आणि ज्यांनी लिहिलं त्यांचे डोळे, असा हा सगळा व्यवहार आहे. लिहिणाऱ्यांचं ऋण आम्ही मानतो. दाखवणाऱ्यांपैकी कुणाचं तरी पुस्तक अजून यायचं आहे, याची हुरहूर मला प्रत्येक वाचनात लागते.

यंदा चितमपल्लींचं पुस्तक मी शेजारच्या गावातल्या, तलावाच्या पाळीवर वाढलेल्या एका मुलाला वाचायला दिलं. दीड महिन्यानं ते परत आलं. कोपरे दुमडलेले, एका पानावर चिखलाचं बोट. बगळ्यांच्या पानाशी समासात त्यानं पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'बगरा'. त्याखाली त्याच्या घरी म्हणतात ती आणखी चार नावं, आणि तो पक्षी कुठल्या बोडीवर, कोणत्या महिन्यात दिसला ते. मी काहीच खोडलं नाही. खाली जागा शिल्लक होती, म्हणून पुस्तक पुन्हा त्यालाच देऊन आलो.