‘क्लिक’, खटका आणि पालीची चुकचुक

इंग्रजीतील ‘क्लिक’ हा शब्द एका लहानशा, कोरड्या आवाजाची नक्कल होय. परंतु त्याचा संसार केवढा वाढला आहे! कडी बसली की क्लिक, छायाचित्र काढले की क्लिक, दोन माणसांचे जमले तरी क्लिक आणि न उमगलेली गोष्ट एकाएकी ध्यानात आली तरी तेच. आमचे अनुवादक या सर्व ठिकाणी ‘क्लिक झाले’ असे लिहून मोकळे होतात. आमचा आक्षेप परकीय शब्दाला नाही. कान बंद ठेवून लिहिण्याला आहे.

बऱ्हाणपुरासारख्या यंत्रमागांच्या गावी ‘खट्’ हा ध्वनी काही परका नव्हे. त्यापासून मराठीने मोठे गोत उभारले. बंदुकीचा खटका लोखंडाचा, गवयाच्या गळ्यातला सुरांचा. भावाभावांत उडणारे खटके शब्दांचे. आणि एखादे वाक्य मनाला खटकते तेव्हा तर आवाज मुळीच नसतो. याच गावी मराठी आणि हिंदी शेजारी नांदतात, त्यामुळे आणखी एक मौज दिसते. मराठी माणसाच्या ‘खटपटी’त श्रम असतात, फार तर कारस्थान, हिंदीत नवराबायकोत ‘खटपट’ झाली म्हणजे भांडण झाले. अनुकरणवाचक शब्दाचा अर्थ त्याच्या नादातूनच कळतो, असे आपण वर्गात सांगतो. ते किती अपुरे आहे!

ध्वनिशास्त्रातही ‘क्लिक’ आहे. झुलू आणि खोसा या दक्षिण आफ्रिकेतील भाषांत ती व्यंजनेच आहेत. हळहळताना आपणही जिभेने तसाच ध्वनी काढतो, पण वर्णमालेत त्याला जागा नाही. मराठीने त्याला ‘चुकचुकणे’ हे क्रियापद मात्र दिले, आणि तेच पालीलाही देऊन तिला मनातल्या शंकेत आणून बसविले. ‘क्लिक’ला हे साधलेले नाही.

संगणकासाठी ‘येथे टिचकी मारा’ असा प्रयोग झाला. त्यात आवाजाऐवजी बोटाची कृती पकडली आहे. आम्हांस तो आवडतो, जरी लोक ‘क्लिक करा’ असेच म्हणतात आणि तेथे ते चालूही द्यावे. परंतु कथेतील दोन माणसे ‘क्लिक’ होतात, ते आम्हांस खपत नाही. त्यांच्यासाठी ‘सूत जुळले’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे आहे, आणि तो तर मागाच्या घरचाच आहे.