खरूज, ऊन आणि आपला पाठ

खरूज झाली की कपडे-अंथरूण उकळा व कडक उन्हात वाळवा, हा सल्ला आरोग्याच्या पाठात हमखास असतो. तो चुकीचा नाही, पण फार अपुरा आहे, असे आम्हाला वाटते.

खरूज आठ पायांच्या एका सूक्ष्म किड्यामुळे होते. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करून अंडी घालते. ५० अंश सेल्सिअसला दहा मिनिटांत हा किडा मरतो. म्हणून उकळलेले कपडे निर्धोक होतात. पण त्याच ५० अंशांना माणसाची कातडी पाचेक मिनिटांत भाजते. म्हणजे किडा मरण्याआधी मूलच पोळते. कढत पाण्याने अंघोळ घालून किंवा अंग शेकून खरूज जात नाही, हे पाठ सांगत नाही.

उष्णतेने त्वचारोग बरा होतच नाही, असे नव्हे. बिकानेर भागात वाळूमाशी चावून पसरणाऱ्या परजीवीमुळे त्वचेवर व्रण होतात. तेथील वैद्यकीय महाविद्यालयात जागा बधिर करून, रेडिओलहरींच्या साहाय्याने व्रणाला ५० अंशांची उष्णता ३० सेकंद दिली गेली आणि गुण आला. पण तो व्रण एका जागी असतो. खरूज अंगभर पसरते. शिवाय किरणांचा उपाय जपूनच करावा लागतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुलांच्या डोक्यावरील बुरशीसाठी क्ष-किरण देत. अशा मुलांत पुढे मेंदूच्या व थायरॉइडच्या गाठींचे प्रमाण वाढलेले आढळले.

आता हाच पाठ पाथर्डीत शिकवून पाहू. तालुका अवर्षणाचा. टँकरची वाट पाहणाऱ्या घराने गोधड्या कशात उकळायच्या? ऊसतोडीला गेलेल्यांच्या कोपीत तर भावंडे एकाच पांघरुणात झोपतात. अंगावेगळा झालेला किडा दोन-तीन दिवसच जगतो. धुता न येणारे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर घट्ट बांधून ठेवले, तरी काम भागते. त्याला पाणी लागत नाही, सरपणही नाही.

पाठातली सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर धडधाकट दिसणारी भावंडे रोग पसरवत असतात. म्हणून डॉक्टरांनी दिलेले परमेथ्रिनचे मलम किंवा आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या घरातल्या सर्वांनी, त्यांच्या सल्ल्याने, एकाच वेळी घ्यायला हव्यात. नंतर सांगतील तेव्हा पुन्हा एकदा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले. आपल्या वर्गात मात्र खाजवणाऱ्या मुलाला अस्वच्छ म्हणून मागे बसवले जाते. दाटीने राहणाऱ्याला होणारा रोग हा त्याचा दोष नव्हे, एवढे एक वाक्य तरी पाठात हवे.