जी. एं.च्या कथेतलं घर

जी. ए. कुलकर्णी म्हटलं की मराठी वाचकाला आठवतात ते लांबचे प्रदेश, नियतीच्या शोधात निघालेले प्रवासी, विदूषक, ऑर्फियस. ‘काजळमाया’ (१९७२), ‘रमलखुणा’ (१९७५) आणि ‘पिंगळावेळ’ (१९७७) या संग्रहांनी ही प्रतिमा अशी पक्की केली की त्याआधीचे चार संग्रह तिच्या सावलीत गेले. ‘निळासावळा’ (१९५९), ‘पारवा’ (१९६०), ‘हिरवे रावे’ (१९६२) आणि ‘रक्तचंदन’ (१९६६) यांचा उल्लेख आदराने होतो, पण चर्चा मोठ्या रूपककथांचीच होते. पहिल्या कथा म्हणजे उमेदवारी, खरे जी. ए. नंतरचे, असा एक समज अभ्यासकांत आणि चाहत्यांत सारखाच रुजला आहे. हा समज मला मान्य नाही. घर, आठवण आणि वाढतं वय या तीन गोष्टींवर मराठीत जे काही मोलाचं लिहिलं गेलं, त्यात या कथा अगदी वरच्या जागी आहेत आणि नंतरच्या रूपककथांचं मूळही याच घरांत आहे.

जी. ए. जन्मले १९२३ साली बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याला. बालपण बेळगावात गेलं आणि नोकरीची बहुतेक वर्षं धारवाडात, जनता शिक्षण समितीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात. या कानडी मुलखात बसून एक माणूस मराठी कथा लिहीत राहिला, मुंबईच्या ‘सत्यकथा’ मासिकाकडे पाठवत राहिला, आणि सभा-संमेलनांपासून दूर राहिला. त्या दूर राहण्याभोवती पुष्कळ आख्यायिका तयार झाल्या. मला त्यांपेक्षा महत्त्वाची वाटते ती साधी गोष्ट, की त्यांचा रोजचा व्यवहार दोन भाषांतला होता आणि लिहिण्याची भाषा मात्र घरातली होती. घरी त्यांना बाबुआण्णा म्हणत. मावसबहिणींबरोबर त्यांनी घर केलं आणि त्यांतल्या नंदा पैठणकरांनी पुढे ‘प्रिय बाबुआण्णा’ हे पुस्तक लिहिलं. आण्णा, अक्का, आप्पा ही सीमाभागातली हाक त्यांच्या पात्रांच्या नावांतही मुरलेली आहे. या कथांतली माणसं पुण्या-मुंबईची नाहीत हे पहिल्या परिच्छेदातच कळतं, तेही कुठे गावाचं नाव न घेता.

लहानपणापासून त्यांनी घरातले मृत्यू एकामागून एक पाहिले. चरित्रातून कथेचा अर्थ काढण्याची सवय वाईट, हे मान्य करूनही एवढं म्हणायलाच हवं की त्यांच्या पहिल्या कथांत मृत्यू ही ‘घटना’ नसते. तो घरात आधीपासून राहत असतो, आजारी माणसासारखा, मधल्या खोलीत. त्याच्याशेजारी राहतात लग्न न झालेली बहीण, मूल नसलेली मावशी, पैशांनी आणि मनाने मोडलेला बाप. आणि या सगळ्यांकडे कोपऱ्यातून पाहणारं एक मूल.

त्या मुलाचं पाहणं हा या कथांचा खरा शोध आहे. नवकथेने मराठीला माणसाचं मन उलगडायला शिकवलं. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे यांनी मनाच्या आतली उलथापालथ कथेत आणली. व्यंकटेश माडगूळकरांनी माणदेशातली माणसं उभी केली. पण मुलाच्या नजरेने मोठ्यांचा पराभव दाखवणं, आणि तो पराभव आहे हे मुलाला समजू न देणं, हे जी. एं.नी जितक्या कठोरपणे केलं तितकं त्यांच्या पिढीत दुसऱ्या कुणी केलं असं मला दिसत नाही. मूल सांगतं ते फक्त दिसलेलं. कुणाचा हात थरथरला, कुठलं भांडं विकायला गेलं, कोण बोलता बोलता गप्प झालं. अर्थ लावायचं काम वाचकावर पडतं, आणि मुलाला जे कळत नाही ते आपल्याला कळतं आहे याचाच त्रास होतो.

‘चैत्र’ ही कथा घ्या. चैत्रगौरीचं हळदीकुंकू म्हणजे आंब्याची डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे, नव्या लुगड्यांची कुजबुज. मराठी घरातल्या मुलांना हा दिवस खाऊचा म्हणून आठवतो. जी. ए. हाच दिवस घेतात आणि त्यात एका श्रीमंत घरी आईचा अपमान घडवतात, तोही मुलासमोर. आई तो विसरत नाही. पुढची सगळी कथा ती या अपमानाला उत्तर कसं देते याची आहे. इथे थांबून पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे सणाचं सामान. दुसऱ्या लेखकाने ती डाळ, ते पन्हं, ते हरभरे जुन्या दिवसांची गोडी म्हणून वर्णिले असते. इथे त्यातली प्रत्येक वस्तू ऐपतीचं माप होते. कुणाच्या हातावर किती पडतं, कोण कुणाकडे कसं बघतं, यावर बायकांची जगातली जागा ठरते आणि मूल ती जागा पहिल्यांदा पाहतं. क्रांती कानडे यांनी या कथेवर फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये असताना लघुपट केला आणि सोनाली कुलकर्णी यांनी त्यात आईचं काम केलं. तो पाहिल्यावर मूळ कथेकडे वळलेले वाचक बरेच आहेत, ही चांगली गोष्ट झाली.

‘कैरी’चं उदाहरण वेगळ्या कारणासाठी घ्यायचं आहे. ती ‘पिंगळावेळ’मधली, म्हणजे पुढच्या काळातली. पण तिचा जीव पहिल्या कथांचा आहे. आई गेलेलं मूल तानीमावशीच्या घरी येतं. मावशीला मूल नाही आणि नवऱ्याकडून सुख नाही. अमोल पालेकरांनी यावर चित्रपट केला तेव्हा मूळ कथेतला मुलगा बदलून मुलगी केली. चित्रपट म्हणून तो निर्णय समजण्यासारखा आहे, कारण तानीमावशीचं आयुष्य उद्या या मुलीच्या वाट्याला येईल का हा प्रश्न आपोआप उभा राहतो. पण जी. एं.चा प्रश्न दुसरा होता. मुलगा वाढून पुरुष होणार, म्हणजे ज्या जातीच्या माणसाने मावशीचं आयुष्य नासवलं त्याच जातीचा. तरीही तिची माया मिळाली ती त्याला. तो ती आठवणीत वागवणार, आणि तिच्यासाठी काही करू शकला नाही हे त्याबरोबर वागवणार. आठवण आणि अपराध त्यांच्याकडे असे एका दाव्याला बांधलेले असतात. मुलगा काढला की हा धागा तुटतो.

यामुळेच रूपककथांकडे जाणारी वाट मला या घरांतून निघालेली दिसते. ‘प्रवासी’ किंवा ‘इस्किलार’मधला माणूस ज्या नियतीशी झगडतो, ती पहिल्यांदा भेटली ती स्वयंपाकघरात, ओसरीवर, आजाऱ्याच्या उशाशी. नंतर लेखकाने भिंती काढून घेतल्या आणि तीच माणसं उघड्या माळावर आणली. त्यात कथेने काही मिळवलं आणि काही गमावलंही. रूपककथांत कधी कधी वाक्यं फार जड होतात, पात्रं तत्त्वज्ञान बोलू लागतात. पहिल्या कथांत तत्त्वज्ञान बोलायला कुणाला सवडच नसते, पोटाची चिंता असते. निवड करायची वेळ आली तर त्या मोठ्या कथांमधल्या एक-दोन सोडून मी या घराच्या कथा निवडीन. काजळमायेला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि वादानंतर जी. एं.नी तो परत केला, यावर जितकं लिहिलं गेलं त्याच्या चौथ्या हिश्शाने तरी ‘हिरवे रावे’वर लिहिलं जायला हवं होतं.

त्यांनी केलेली भाषांतरंही या संदर्भात पाहावीत. कॉनरॅड रिक्टरची ‘रानातील प्रकाश’ ही कादंबरी दोन घरांमध्ये सापडलेल्या मुलाची आहे. वाढवलं एकांनी, परत मागितलं दुसऱ्यांनी, आणि मुलाला कुठलंच घर पुरतं आपलं राहत नाही. सीमेवर वाढलेल्या लेखकाने हे पुस्तक हाती घ्यावं यात मला योगायोग दिसत नाही.

याच मुलखातून मराठीला दुसरं बालपण मिळालं. प्रकाश नारायण संत (१९३७-२००३) यांचा लंपन. प्रकाश संत हे इंदिरा संत आणि ना. मा. संत यांचे पुत्र. त्यांनी साठच्या दशकात ‘सत्यकथे’त ‘वनवास’ लिहिली आणि मग जवळजवळ तीन दशकं कथेपासून दूर राहिले. ‘वनवास’ हा संग्रह आला १९९४ साली, त्यामागून ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि त्यांच्या पश्चात ‘झुंबर’. लंपन आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढतो. कानडीचा शेजार त्याच्याही बोलण्यात आहे. वाटेल ते आकडे ठोकून देण्याची आणि दर दोन वाक्यांनी ‘मॅड’ म्हणण्याची त्याची लकब वाचकांनी इतकी आपलीशी केली की आता अनेकांना लंपन म्हणजे गोड, निरागस, हसवणारा मुलगा एवढाच वाटतो. हे वाचन अपुरं आहे. ते आकडे कधी येतात ते पाहा. मनात काहीतरी मावेनासं झालं, आईची आठवण दाटून आली, भीती वाटली, की मुलगा मोजायला लागतो. मोजता न येणाऱ्या गोष्टीला दिलेला तो आकडा असतो. लेखक स्वतः नऊ वर्षांचा असताना, १९४६ साली, त्याचे वडील गेले. या कथांतल्या उजेडाच्या पाठीमागे ती सावली आहे, आणि ती कळल्याशिवाय त्यांतला आनंदही पुरता कळत नाही.

जी. ए. आणि संत यांना सहसा दोन टोकं मानतात, एक काळोखाचं आणि एक उन्हाचं. दोघांत समान आहे ते मुलाला मूलच ठेवण्याचं धैर्य. मोठा झालेला निवेदक मधे येऊन समजावत नाही, हळहळत नाही, ‘ते दिवस आता राहिले नाहीत’ म्हणत नाही.

आजच्या मराठी लेखनात नेमकं हेच हरवलं आहे. बालपण आज फार लिहिलं जातं. दिवाळी अंक आणि पुरवण्या वाडा, आजी, परसातला प्राजक्त, उन्हाळ्याची सुट्टी यांनी भरलेल्या असतात. पण ते बहुतेक सारं ललित आहे, कथा नाही. त्यात लिहिणाऱ्याला सगळं आधीच कळलेलं असतं आणि आठवणीचा उपयोग मन निववण्यापुरता होतो. आजी गोड असते, कारण ती आजी असते. तिला कुणाचा द्वेष वाटत नाही, ती कुणाचा अपमान करत नाही, तिचा कुणी करत नाही. जी. एं.च्या कथेतल्या कुठल्याही म्हातारीने अशा आजीला ओळखलं नसतं.

अपवाद आहेत आणि ते मोलाचे आहेत. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ कादंबरी असली तरी मुलाच्या न कळण्याला शेवटपर्यंत धरून राहते. कोल्हापूरकडचे किरण गुरव यांचा ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ हा कथासंग्रह, ज्याला २०२१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, वाढत्या वयाकडे आजच्या डोळ्यांनी पाहतो. खेड्यातून शहराकडे सरकणाऱ्या मुलाची घालमेल त्यात गोड करून सांगितलेली नाही. हे लेखन जी. एं.ची नक्कल करत नाही आणि तेच त्याचं बळ आहे.

या प्रकारच्या कथेला लागते जागा. घर उभं करायला पानं लागतात, मुलाला हळूहळू पाहू द्यायला पानं लागतात. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली. दीर्घकथेचा भार तेव्हापासून मुख्यतः दिवाळी अंकांवर आहे, आणि तिथेही जाहिरातींच्या गणितात लांब कथेवर पहिली कात्री चालते. ‘कैरी’ आज एखाद्या संपादकाकडे आली तर निम्मी करून पाठवा असा निरोप जाण्याची शक्यताच अधिक. प्रकाशकांना एक काम सुचवावंसं वाटतं. पहिल्या चार संग्रहांतल्या घराच्या कथा, ‘कैरी’, मृत्यूनंतर आलेल्या ‘माणसे: अरभाट आणि चिल्लर’मधली बेळगावची पानं आणि ‘बखर बिम्मची’ हे एका खंडात यावं, जाणत्या प्रस्तावनेसह. बिम्म तर लहान मुलांसाठीचा समजून मोठ्यांनी वाचलाच नाही. ज्या लेखकाने कथेतल्या मुलांना इतकं सोसायला लावलं, त्याने उतारवयात एका मुलाला पशुपक्ष्यांशी मोकळेपणी बोलू दिलं. त्या चार संग्रहांच्या शेजारी बिम्म ठेवून वाचला की जी. एं.च्या कथेतल्या घराला आणखी एक दार होतं हे दिसतं.